चीड आणि बांज : हिमालयाच्या उतारांवरील दोन वृक्ष

काठगोदाम हे कुमाऊंच्या पायथ्याशी असलेले रेल्वेचे शेवटचे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तेथून नैनीताल किंवा अल्मोड्याकडे जाणारा रस्ता चढू लागला, की पायथ्याची सालवृक्षांची अरण्ये मागे पडतात आणि उंच, सरळ खोडांच्या चीड वृक्षांची राने सुरू होतात. जमिनीवर तपकिरी सुयांचा जाड थर, झाडाझाडांमधून मोकळा सूर्यप्रकाश आणि माथ्यावरून अखंड ऐकू येणारा वाऱ्याचा घोष हे या रानांचे रूप. आणखी वर, विशेषतः उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, हे दृश्य पालटते. प्रकाश मंदावतो, हवेत गारवा येतो, खोडांवर शेवाळ व नेचे दिसू लागतात आणि पायाखालची माती मऊ व काळसर होते. ही बांजाची राने होत.

चीड साधारणतः 500 ते 2,000 मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढतो, तर बांज सुमारे 1,200 ते 2,300 मीटरच्या पट्ट्यात. म्हणजे बऱ्याच मोठ्या क्षेत्रात हे दोन्ही वृक्ष एकमेकांचे शेजारी आहेत. एक सूचिपर्णी, शंकू धारण करणारा. दुसरा ओकच्या कुळातला, सपुष्प. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात या दोहोंतील भेद शिकविला जातो तो बीजाच्या व काष्ठाच्या रचनेवरून. कुमाऊं व गढवालच्या खेड्यांत मात्र हा भेद चूल, गोठा, शेत आणि पाणवठा यांच्या संदर्भात शिकला जातो, आणि तो शिकण्यास शाळेत जावे लागत नाही.

उघडे बीज, झाकलेले बीज

चिडाचे शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्घाय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ ते देण्यात आले. वनखात्याच्या जुन्या ग्रंथांत हाच वृक्ष ‘पायनस लाँगिफोलिया’, म्हणजे लांब पानांचा पाइन, या नावाने आढळतो आणि वर्णन म्हणून ते जुने नावच अधिक बोलके आहे. बांजाचे शास्त्रीय नाव क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा. त्याचा अर्थ पांढरी लव धारण करणारा. बांजाचे पान उलटून पाहिले असता त्याच्या पाठीवर ही राखाडी-पांढरी लव स्पष्ट दिसते, आणि वारा सुटला की सारे रान क्षणभर रुपेरी होते.

चीड प्रकटबीज वर्गातला आहे. त्याला फूल नसते. वसंत ऋतूच्या आरंभी त्याचे नर-शंकू पिवळ्या परागांची धूळ मोठ्या प्रमाणावर हवेत सोडतात. प्रत्येक परागकणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो दूरवर तरंगत जातो. स्त्री-शंकूच्या खवल्यांवर बीजके उघडी असतात. त्यांच्याभोवती अंडाशयाची भिंत नसते. म्हणून पराग थेट बीजकाशी पोहोचतो. यानंतरचे काम विलक्षण सावकाश चालते. परागण आणि फलन यांच्यात सुमारे वर्षाचे अंतर पडते, आणि शंकू पक्व होऊन उघडण्यास साधारणतः दोन वर्षे लागतात. शंकू उघडतात ते एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात. त्यांतून पातळ पंख असलेली बीजे भिरभिरत खाली येतात.

बांज आवृतबीज वर्गातला, म्हणजे ज्याला आपण फुलझाड म्हणतो त्या वर्गातला आहे. पण ‘फुलझाड’ या शब्दाने फसू नये. बांजाचे फूल पाहण्यास कोणी डोंगरावर जात नाही. त्याची नर-फुले बारीक, लोंबत्या तुऱ्यांत असतात, स्त्री-फुले तर पानांच्या बगलेत शोधावी लागतात, आणि परागण येथेही वाऱ्यामार्फतच होते. फुलझाड म्हणजे रंग, सुगंध आणि मधमाशी ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट असते. ती दूर करण्यास बांजासारखे उदाहरण नाही. खरा भेद पाकळ्यांचा नसून अंडाशयाचा आहे. बांजाचे बीजक अंडाशयात बंदिस्त असते, आणि त्याचे फळ होते. एका टोपीत बसविलेल्या सुपारीसारखे हे फळ साधारण दीड वर्षाने, फुले आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पिकून झाडाखाली पडते.

फलनाच्या क्रियेतही अंतर आहे. 1898 मध्ये सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने सपुष्प वनस्पतींतील द्विफलनाचा शोध लावला. एका परागनलिकेतील दोन पुंयुग्मकांपैकी एक अंडकोशिकेशी संयोग पावते आणि दुसऱ्यापासून बीजाचे पोषक द्रव्य तयार होऊ लागते. म्हणजे फलन झाल्यावरच शिदोरी बांधली जाते. चिडाच्या बीजात पोषक ऊती फलनापूर्वीच वाढू लागलेली असते.

काष्ठाची रचनाही भिन्न आहे. चिडाच्या लाकडात पाणी वाहून नेण्याचे व खोडाला आधार देण्याचे काम मुख्यतः वाहिका नावाच्या एकाच प्रकारच्या लांबट, निमुळत्या कोशिका करतात. त्यामुळे लाकूड हलके, सरळ धाग्याचे व कापण्यास सोपे. बांजाच्या लाकडात पाण्यासाठी रुंद वाहिन्या व बळकटीसाठी जाड भित्तींचे तंतू अशी कामाची वाटणी असते. त्याचे लाकूड जड व कठीण. ते वाळताना वाकते, चिरते. व्यापाऱ्याला चीड का आवडला आणि चुलीला बांज का आवडला, याचे अर्धे उत्तर या सूक्ष्म रचनेत आहे.

महाराष्ट्रातील शिक्षकांसमोर येथे एक अडचण उभी राहते. या राज्याच्या रानांत पाइन किंवा देवदार नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. किंबहुना साऱ्या दक्षिण भारतात देशी शंकुमंत वृक्ष एकच आहे. तो दक्षिणेकडील सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत आढळतो, आणि त्याची पाने सुईसारखी नसून चक्क रुंद असतात. मग वर्गात नमुना म्हणून अनेकदा कोकण किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणली जाते. पण सुरू हे सूचिपर्णी झाड नव्हेच. ते फुलझाड आहे. त्याची हिरवी ‘सुई’ म्हणजे पान नसून सांधे असलेली बारीक डहाळी होय. सांध्यापाशी ती ओढली असता तुटते, आणि भिंगातून पाहिल्यास त्या जागी खवल्यांएवढ्या पानांचे वलय दिसते. त्याची काटेरी गोटी शंकूसारखी दिसत असली तरी ती फळांचा समूह आहे. एकीकडे सुरूची डहाळी आणि दुसरीकडे थंड हवेच्या ठिकाणाहून कोणी आणलेला पाइनचा शंकू हाती असेल, तर हा धडा चित्राशिवायही शिकविता येतो. चिडाच्या सुया तिनाच्या झुपक्यात असतात. त्या तिन्ही एकमेकींना चिकटवून धरल्या, की पूर्ण गोल काडी तयार होते.

पाने आणि माती

चिडाची सुई वीस ते तीस सेंटिमीटर लांब असते. जाड मेणचट आवरण, आत दडलेली पर्णरंध्रे आणि राळेच्या नलिका यांमुळे ती कोरड्या उतारावर तग धरते. वाळल्यावर मात्र ती लवकर कुजत नाही. कुमाऊं-गढवालमध्ये या वाळलेल्या सुयांना ‘पिरूल’ म्हणतात. बांजाचे पान चामड्यासारखे चिवट, दातेरी कडांचे असते. झाड सदाहरित असले तरी वसंतात नवी पालवी फुटत असतानाच जुनी पाने गळतात. गळलेली पाने ओल धरतात आणि पिरुलाच्या मानाने लवकर मातीस मिळतात.

या दोन प्रकारच्या पाचोळ्यांचा मातीवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास नैनीताल येथील कुमाऊं विद्यापीठात झाला. जे. एस. सिंग, वाय. एस. रावत आणि ओ. पी. चतुर्वेदी यांचा या विषयावरील निबंध 1984 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बांजाच्या जागी चीड आल्याने जमिनीतील नत्राच्या चक्रात कसा फेर पडतो, हे त्यात दाखविण्यात आले होते. त्याचा आशय शेतकऱ्याला लगेच उमजेल असा आहे. न कुजलेले काड किंवा भुसा शेतात गाडला, तर पुढचे पीक काही काळ पिवळे पडते. काडात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे असते. ते कुजविणारे सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज मातीतून भागवितात आणि पिकाच्या वाट्याला नत्र उरत नाही. पिरुलाचे असेच होते. शिवाय चीड आपली सुई गळण्यापूर्वी तिच्यातील पोषक द्रव्यांचा मोठा भाग परत शोषून घेतो. जमिनीवर पडते ते जवळजवळ निःसत्त्व पान. चिडाला स्वतःला थोड्या नत्रावर भागविता येते. बांजाला ते जमत नाही. अशा रीतीने एकदा पाय रोवलेला चीड आपल्या पाचोळ्याच्या योगेच बांजाच्या पुनरागमनाची वाट अवघड करून ठेवतो.

यावरून चीड हा दुष्ट वृक्ष आहे असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली आहे, ती न्याय्य नाही. चीड हा परदेशातून आणलेला वृक्ष नव्हे. तो हिमालयाचाच आहे, आणि उघड्या, खडकाळ, दक्षिणाभिमुख उतारांवर, जेथे दुसरे झाड सहज धरत नाही तेथे, तो उभा राहतो. दरड कोसळलेल्या जागेवर प्रथम येणाऱ्यांत त्याची गणना होते. प्रश्न चीड असण्याचा नाही. तो बांजाच्या जागी का आला, हा आहे.

आगीचे गणित

पिरूल सर्वाधिक गळते ते उन्हाळ्यात, नेमके हवा कोरडी आणि वारा जोराचा असतो त्या दिवसांत. राळयुक्त सुयांचा तो थर एका ठिणगीने पेट घेतो. उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. चिडाच्या वनांतील वणवा संस्कृत काव्यालाही परिचित आहे. चिडाचे संस्कृत नाव सरल. ‘मेघदूता’त सरलवृक्षांच्या खोडांच्या घर्षणातून उठलेल्या दवाग्नीचा उल्लेख आहे, आणि ‘कुमारसंभवा’त हत्तींनी अंग घासल्यामुळे सरलवृक्षांतून पाझरणाऱ्या सुगंधी चिकाचे वर्णन आहे. कालिदासाचे निरीक्षण राळेच्या बाबतीत अचूक म्हणावे लागेल. वणव्याचे कारण मात्र आज बहुतेक वेळा घर्षण नसून मनुष्य असतो: नव्या गवतासाठी लावलेली आग, बांधावर जाळलेला कचरा, टाकून दिलेली विडी.

आग लागून गेल्यावर दोन्ही वृक्षांचे नशीब वेगळे ठरते. चिडाची साल जाड व खवल्याखवल्यांची असते. जमिनीलगत धावणारी आग मोठ्या झाडाला सहसा मारीत नाही. एवढेच नव्हे, तर पाचोळा जळून उघड्या पडलेल्या जमिनीवर त्याचे बीज उत्तम रुजते. बीज पडते उन्हाळ्यात, पाऊस येतो जूनअखेरीस. हे वेळापत्रक चिडाच्या पूर्ण सोयीचे आहे. बांजाच्या बुंध्यातून नवे धुमारे फुटू शकतात, पण त्याची रोपटी आणि जमिनीवर पडलेली फळे आगीत नष्ट होतात. त्याचे फळ जड असल्यामुळे ते पक्षी-प्राण्यांनी नेले तरच दूर जाते. लंगूर, अस्वल आणि उडत्या खारी ते खातात, आणि कीडही त्यात सहज शिरते. पंख असलेले बीज आणि टोपी घातलेले फळ यांची ही शर्यत आगीच्या मैदानावर समान राहत नाही.

2016 आणि 2024 या वर्षी उत्तराखंडातील वणव्यांनी उग्र रूप धारण केले. जून 2024 मध्ये अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेल्या वनकर्मचाऱ्यांना प्राणास मुकावे लागले. वणव्यांची चर्चा हेक्टरांच्या आकड्यांत होत असते. आगीच्या तोंडी फांदी हाती घेऊन उभे राहणारे मात्र हे कर्मचारी आणि जवळपासच्या गावचे लोकच असतात.

बाजाराने निवडलेला वृक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे जाळे पसरू लागले आणि हिमालयातील वनांकडे सरकारची दृष्टी वळली. 1893 मध्ये कुमाऊंतील सर्व पडीक व वनजमीन संरक्षित वन म्हणून घोषित करण्यात आली. 1911 ते 1917 या काळात तिचा फार मोठा भाग राखीव करण्यात आला. चिडाचे लाकूड रसायनांनी टिकाऊ करून रुळांखालच्या स्लीपरांसाठी वापरता येते, हे सिद्ध झाल्यावर त्याची किंमत वाढली. त्याहून महत्त्वाची ठरली राळ, जिला तेथे ‘लीसा’ म्हणतात. खोडावर खाच घेऊन, खाली वाटी लावून जमविलेल्या लीशापासून टर्पेंटाइन आणि रोझिन मिळते. रंग, व्हार्निश, साबण आणि कागद या उद्योगांना त्यांची गरज असते. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे कठीण झाले तेव्हा कुमाऊंच्या लीशाला अधिकच भाव आला.

बांजाला मात्र वनखात्याच्या हिशेबवहीत फारसे स्थान नव्हते. फर्निचर किंवा स्लीपर यांना तो निरुपयोगी. जळाऊ लाकूड आणि कोळसा एवढाच त्याचा उपयोग नोंदविला गेला. ज्या वृक्षावर गावांचा संसार चालत होता, त्याची वहीत किंमत नव्हती. ज्याची वहीत किंमत होती, त्याच्या रक्षणासाठी गावकऱ्यांना गवत जाळण्यास, गुरे चारण्यास व फांद्या तोडण्यास मनाई करण्यात आली.

त्याचा परिणाम 1921 मध्ये दिसला. त्या वर्षी जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयूच्या पात्रात टाकल्या, आणि उन्हाळ्यात राखीव चीडवनांतून ठिकठिकाणी आगी भडकल्या. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वायट वूड्स’ (1989) या ग्रंथात एक लक्षणीय गोष्ट नमूद केली आहे. या आगी सरकारच्या व्यापारी चीडवनांत लागल्या. रुंदपर्णी वनेही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना हात लावण्यात आला नाही. कोणता वृक्ष आपला आणि कोणता सरकारचा, हे लोकांनी असे सांगितले होते.

गोठ्यातून शेताकडे

बांजाचा उपयोग पाहावयाचा तर डोंगरी शेतीचा क्रम पाहावा लागतो. पायऱ्यापायऱ्यांची अरुंद शेते, त्यांना लागणारे खत गोठ्यातले, गोठ्यातली गुरे चाऱ्यासाठी वनावर अवलंबून. हिवाळ्यात गवत संपते तेव्हा हिरवा चारा उरतो तो बांजाच्या पानांचा. वाळलेली पाने गुरांखाली अंथरतात. शेण व मूत्र मिसळून त्यांचे खत होते आणि ते शेतात जाते. जळण म्हणून बांजाचे लाकूड संथ, दीर्घकाळ आणि कमी धुराने जळते. नांगराचे भाग, कुदळीचे दांडे यांसाठी त्याचा कठीणपणा उपयोगी पडतो. त्याच्या पानांवर ओक-टसर जातीचे रेशीमकिडेही पाळतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुन यांवर जो टसर घेतला जातो, त्याचाच हा डोंगरी भाऊ. बांजाच्या सोबतीला लाल फुलांचा बुरांस आणि आंबटगोड फळांचा काफळ हे वृक्ष असतात, तेही गावाच्या कामाचे.

हा सारा भार उचलण्याचे काम स्त्रिया करतात. बांजाचे रान गावापासून जितके मागे हटते, तितकी त्यांची चाल वाढते.

परंतु बांजाचा ऱ्हास केवळ चिडामुळे झाला असे म्हणणे म्हणजे आपल्या हातातला कोयता लपविणे होय. फांद्या वारंवार छाटल्या, की झाडाचा नुसता खांब आणि त्यावर पानांचा झुपका उरतो. अशा झाडाला फळे फारशी धरत नाहीत. फळे नाहीत म्हणून रोपे नाहीत, आणि उगवलेली थोडी रोपे गुरांच्या तोंडी पडतात. छाटणीने रानाचे छत उघडे पडते, जमीन तापते, वाळते. जवळच्या कड्यावरून चिडाचे पंखधारी बीज तेथे उतरते. पाचदहा वर्षांत एक-दोन वणवे येऊन गेले, की रानाचे रूपांतर पूर्ण होते. छाटणी, चराई, आग आणि चीड अशी ही साखळी आहे. तिची शेवटची कडी तेवढी डोळ्यांत भरते.

पाण्याचा प्रश्न

बांज पाणी देतो आणि चीड पाणी पितो, असे कुमाऊंत सर्रास म्हटले जाते. गावोगावच्या नौल्यांभोवती, म्हणजे दगडी बांधणीच्या झऱ्यांभोवती, बांजाची झाडे राखलेली असतात. 2018 मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिमालयातील जवळजवळ निम्मे झरे आटत चालल्याचे म्हटले आहे. त्यामुळे या लोकसमजुतीचा विचार गांभीर्याने करणे प्राप्त आहे.

समजुतीला आधार आहे, पण ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. बांजवनातील कुजक्या पानांचा थर आणि सेंद्रिय द्रव्याने भुसभुशीत झालेली माती पाणी जिरविण्यास व धरून ठेवण्यास उपकारक असते, यात शंका नाही. परंतु बांज मुळातच ओलसर, सावलीच्या उतारांवर वाढतो आणि चीड कोरड्या उतारांवर. म्हणून बांजाजवळ झरा दिसला की झरा बांजाने आणला असे ठरत नाही. पाणी होते म्हणून तेथे बांज आला, असेही असू शकते. शिवाय कुमाऊंतील मोजणीत असे आढळले, की धड असलेल्या वनातून, मग ते चिडाचे असो वा बांजाचे, पावसाचे फारच थोडे पाणी पृष्ठभागावरून वाहून जाते. झऱ्याचे भवितव्य खडकाचे थर, भेगा, उताराचा कल आणि जमीन किती तुडविली गेली आहे यांवरही अवलंबून असते. वारंवार जळालेले, उघड्या जमिनीचे चीडवन आणि राखलेले बांजवन यांची तुलना म्हणजे दोन वृक्षांची तुलना नव्हे, दोन व्यवस्थांची तुलना होय.

पौडी गढवालमधील उफरैंखाल परिसरात सच्चिदानंद भारती या शिक्षकांनी केलेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दूधातोली लोकविकास संस्थानच्या वतीने, गावोगावच्या महिला मंडळांना बरोबर घेऊन, 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे उतारांवर हजारो लहान खड्डे खणण्यात आले आणि त्यांच्याभोवती बांजासह रुंदपर्णी झाडे लावण्यात आली. कोरडा पडलेला एक ओढा त्यानंतर पुन्हा वाहू लागला. येथे श्रेय झाडाचे किती आणि खड्ड्याचे किती, ही वाटणी करण्याची गरज गावाला भासलेली नाही.

वनपंचायतीपुढील काम

1921 च्या असंतोषानंतर सरकारने तक्रार-निवारण समिती नेमली. तिच्या शिफारशींच्या ओघात 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गावाने पंच निवडावेत, सरपंच नेमावा, रानाची सीमा ठरवावी, छाटणीचे दिवस मुक्रर करावेत, चौकीदार ठेवावा आणि मोडणाऱ्यास दंड करावा, अशी ही व्यवस्था. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. सर्वच चांगल्या चालतात असे नाही. नियमांत वेळोवेळी झालेल्या बदलांमुळे वनखात्याचा वरचष्मा वाढला, ही तक्रारही जुनी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना, विशेषतः 2009 मध्ये ते प्रथम मिळविणाऱ्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) सारख्या गावांना, या जुन्या संस्थेच्या अनुभवात आपल्याच प्रश्नांचे प्रतिबिंब दिसेल: कोणते झाड कोणासाठी, किती आणि कधी तोडावयाचे, आणि ते ठरविणार कोण.

चीड सरसकट तोडून टाकावा, अशी मागणी अधूनमधून होते. 1980 च्या दशकाच्या आरंभी चिपको आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीस बंदी आली, ती या मागणीच्या आड येते. पण बंदी नसती तरी हा उपाय उताराला मानवला नसता. उघड्या पडलेल्या डोंगरावर पुढच्या उन्हाळ्यात चिडाचेच बीज येऊन पडले असते. त्याऐवजी पिरूल गोळा करून त्याच्या कांड्या जळणासाठी करणे किंवा त्याच्या वायूवर लहान वीजसंच चालविणे, असे प्रयत्न चालू आहेत. पिथोरागढ जिल्ह्यातील बेरीनागजवळ अवनी या संस्थेने असा संच चालवून दाखविला आहे. पिरूल हलके असते. एक ओझे जमविण्यास वेळ फार लागतो आणि उतार निसरडे असतात. मोबदला पुरेसा नसेल तर हे काम टिकणार नाही, हे उघड आहे.

बांज परत आणण्यास चीड तोडावाच लागतो असेही नाही. आग आणि गुरे काही वर्षे बाहेर ठेवता आली, तर चिडाच्या विरळ सावलीत बांजाची रोपे वाढतात. लहानपणी त्यांना सावली सोसते, किंबहुना हवीच असते. अडचण असते ती बियाण्याची. बांजाचे फळ धान्यासारखे कणगीत भरून ठेवता येत नाही. ते सुकले की मरते. म्हणून हिवाळ्यात ते ताजे असतानाच वेचावे लागते. वेचलेली फळे पाण्यात टाकतात. वर तरंगतात ती बहुधा किडलेली किंवा पोकळ असतात, ती काढून टाकावयाची. बुडालेली तेवढी ओलसर पाल्यात ठेवून, फार दिवस न दवडता, उताराच्या सावलीच्या अंगाला पेरावयाची. मूळ सरळ खोल जाते, तेव्हा पिशवीत रोप करावयाचे झाल्यास पिशवी लांब घ्यावी लागते. पेरलेल्या जागेवर काटे पसरतात, आणि त्या तुकड्यात गुरे कोणत्या वर्षापासून सोडावयाची ते वनपंचायतीच्या बैठकीत ठरते.